पिकअप वाहनाचे निलंबन आणि त्यातील बदल

पिकअप वाहनाचे निलंबन म्हणजे चाके व ॲक्सल यांना वाहनाच्या सांगाड्याशी लवचिकपणे जोडणारी स्प्रिंगा, धक्काशोषक आणि जोडदांडे यांची व्यवस्था होय. बोलण्यात ती सस्पेन्शन या नावानेच ओळखली जाते. वाहन विकत घेतल्यानंतर मालक या व्यवस्थेत अनेकदा फेरफार करून घेतात. जादा पाटा टाकणे, अधिक ताठर धक्काशोषक बसवणे, हवेच्या सहायक स्प्रिंगा लावणे किंवा वाहनाची उंची वाढवणे हे त्यांतील नेहमीचे प्रकार आहेत. अशा फेरफारांमुळे वाहन कमी दबते, परंतु त्याची मान्य भारक्षमता वाढत नाही. ती क्षमता ॲक्सल, टायर, ब्रेक आणि सांगाडा या सर्वांवर मिळून ठरते. म्हणूनच निलंबनातील बदलाची निवड वाहन प्रत्यक्षात किती आणि कोणत्या प्रकारचा माल वाहते यावरून करणे आवश्यक असते.

रचना

भारतातील बहुतेक मालवाहू पिकअपच्या मागील बाजूस एकसंध ॲक्सल आणि पोलादी पाट्यांची स्प्रिंग असते. मराठीत तिला सरसकट पाटे असे म्हणतात. वेगवेगळ्या लांबीचे कमानदार पाटे एकावर एक रचून मधल्या बोल्टने बांधलेले असतात आणि यू-बोल्टांच्या साहाय्याने हा संच ॲक्सलवर आवळलेला असतो. सर्वांत लांब पाट्याला मुख्य पाटा म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. एक डोळा सांगाड्याला स्थिर कंसाने जोडलेला असतो, तर दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या कडीला. भार आल्यावर कमान सपाट होऊन पाट्याची लांबी किंचित वाढते. ही वाढ सामावून घेण्याचे काम शॅकल करते.

पाट्यांचा संच केवळ भार पेलत नाही. ॲक्सलला जागेवर धरून ठेवणे, तसेच इंजिनाचा व ब्रेकचा जोर सांगाड्यापर्यंत पोहोचवणे ही कामेही तोच करतो. रचना साधी, स्वस्त आणि दुरुस्तीस सोपी असल्यामुळे मालवाहनांत ती टिकून आहे. संचाच्या वर किंवा खाली काही वाहनांत एक जाड, कमी वाकलेला पाटा असतो. ठरावीक भारानंतरच तो कामास लागतो. त्याला हेल्पर पाटा म्हणतात.

स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते आणि परत देते, ती नाहीशी करत नाही. ती ऊर्जा उष्णतेत बदलून दोलने थांबवण्याचे काम धक्काशोषकाकडे असते. त्यातील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि त्या विरोधामुळे हालचाल मंदावते. पाटे एकमेकांवर घासतात तेव्हा त्या घर्षणानेही दोलने काही प्रमाणात कमी होतात. मात्र हे घर्षण गंज, ग्रीस आणि झीज यांनुसार बदलते, त्यामुळे त्याचा भरवसा धरता येत नाही. भारतात धक्काशोषक बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांपैकी गॅब्रिएल इंडिया या कंपनीची स्थापना १९६१ साली मुंबईतील मुलुंड येथे झाली.

माल वाहण्याबरोबर खासगी प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या पिकअपची रचना थोडी वेगळी असते. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या वाहनांत पुढील चाके स्वतंत्रपणे हलतात व तेथे गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. मागे मात्र पाटेच असतात.

भार आणि ताठरता

पिकअपच्या निलंबनातील मूळ अडचण रिकामे आणि भरलेले वाहन यांच्या वजनांतील तफावत ही आहे. प्रवासी मोटारीत मागील बाजूवरचा भार तुलनेने थोडाच बदलतो. पिकअपमध्ये तो तिपटीहून अधिक होऊ शकतो. एकच स्प्रिंग दोन्ही स्थितींत सारखीच चांगली असू शकत नाही.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. मागील स्प्रिंगांवर रिकाम्या वाहनात ५०० किलो आणि पूर्ण भारात १,७०० किलो वजन येते असे समजू. पूर्ण भाराला स्प्रिंग १२० मिलिमीटर दबत असेल, तर रिकाम्या स्थितीत ती सुमारे ३५ मिलिमीटर दबलेली असेल. स्प्रिंग भारामुळे जेवढी दबते त्यावर दोलनांची वारंवारता अवलंबून असते. १५.८ या संख्येला दाबाच्या मिलिमीटरांच्या वर्गमुळाने भागले की दर सेकंदाची दोलने मिळतात. त्यानुसार भरलेले वाहन सेकंदाला सुमारे १.४ वेळा, तर रिकामे वाहन सुमारे २.७ वेळा डोलते. प्रवासी मोटारींत हा आकडा साधारणतः १ ते १.५ यांच्या दरम्यान ठेवलेला असतो. रिकामा टेम्पो भरलेल्या टेम्पोपेक्षा जास्त आदळतो, असा जो सार्वत्रिक अनुभव आहे त्याचे कारण हेच होय.

आता याच वाहनाचे पाटे जाडीने १० टक्के वाढवले असे मानू. पाट्याची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून एवढ्याशा बदलाने ती ३३ टक्क्यांनी वाढते. पूर्ण भाराला वाहन १२० ऐवजी सुमारे ९० मिलिमीटर दबेल. रिकाम्या वाहनाची वारंवारता मात्र सेकंदाला ३ दोलनांच्या वर जाईल. पाच समान जाडीच्या पाट्यांच्या संचात त्याच जाडीचा सहावा पाटा टाकल्यास ताठरता सुमारे २० टक्क्यांनी वाढते. भाराखाली मिळालेल्या प्रत्येक लाभाची किंमत परतीच्या रिकाम्या फेरीत चुकवावी लागते. वाहन दिवसातील निम्मा वेळ रिकामे धावत असेल तर हा सौदा महागात पडतो. चालकाची पाठ आणि सांगाड्याचे जोड यांवर त्याचा ताण येतो. रिकाम्या वाहनाचे मागील चाक खड्ड्यानंतर क्षणभर उसळते आणि तेवढा वेळ त्याची रस्त्यावरील पकड सुटते.

दक्षिण व मध्य मुंबईतील वापर

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांतील रस्ते अरुंद आहेत, वस्ती दाट आहे आणि अवजड मालवाहनांवर वेळेचे निर्बंध असतात. त्यामुळे येथील मालवाहतुकीचा मोठा भाग लहान वाहनांकडे आहे. टाटा मोटर्सने २००५ साली आणलेली आणि छोटा हाथी या नावाने लोकप्रिय झालेली एस ही गाडी, महिंद्रा बोलेरो पिकअप आणि अशोक लेलँडची २०११ साली आलेली दोस्त ही त्यांतील परिचित वाहने होत. त्यांच्या भारक्षमता सारख्या नाहीत. मूळची टाटा एस ७५० किलोची होती, तर बोलेरो पिकअपचा एक प्रकार १,७०० किलो माल वाहू शकतो.

या वाहनांवर येणारा माल तऱ्हेतऱ्हेचा असतो आणि निलंबनाची गरजही त्यानुसार बदलते.

दादरच्या फूलबाजारात येणारी फुले आकाराने मोठी पण वजनाने हलकी असतात. हौदा शिगोशीग भरला तरी वाहन पूर्ण क्षमतेपर्यंत दबतेच असे नाही. अशा वाहनाला जादा पाट्याची गरज नसते. मूळ पाटे आणि सुस्थितीतील धक्काशोषक त्याला पुरेसे असतात.

लालबागच्या मसाला बाजारातील मिरची, हळद व धण्याची पोती, त्याचप्रमाणे चाळींच्या पुनर्विकासाच्या कामांवर जाणारे सिमेंट व लाद्या हा माल घट्ट व जड असतो. हौदा निम्मा रिकामा दिसत असतानाच वजनाची मर्यादा गाठली जाते. अशा वाहनांचे पाटे लवकर बसतात आणि त्यांच्या बाबतीत हेल्पर पाट्याचा विचार सयुक्तिक ठरतो.

परळ व लालबाग येथील कार्यशाळांतून गणेशोत्सवापूर्वी जाणाऱ्या गणेशमूर्ती हा तिसरा प्रकार. मंडळांच्या फार मोठ्या मूर्ती ढकलगाड्यांवर नेल्या जातात, पण मध्यम आकाराच्या अनेक मूर्ती पिकअपमधून जातात. शाडू किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती उंच, ठिसूळ आणि हौद्याच्या क्षमतेच्या मानाने हलकी असते. म्हणजे पाटे जवळपास रिकाम्या स्थितीतच काम करतात आणि धक्के सर्वाधिक तीव्रतेने मूर्तीपर्यंत पोहोचतात. जड मालासाठी ताठर केलेले वाहन या कामाला सर्वांत अयोग्य असते. हौद्याच्या तळाशी वाळूची पोती मांडून भार वाढवल्यास दोलने संथ होतात आणि गुरुत्वमध्यही खाली राहतो. त्यांवर गादी किंवा जाड फोम अंथरला की उरलेले बारीक हादरे कमी होतात. निलंबनाला हात न लावता साधता येणारा हा उपाय आहे.

गिरगाव चौपाटीजवळील ऑपेरा हाउस आणि न्यू क्वीन्स रोड हा परिसर मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांसाठी ओळखला जातो.

हवामानाचाही विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळातील मुसळधार पाऊस, साचलेले पाणी आणि समुद्रावरील खारी हवा यांमुळे पाट्यांच्या फटींत गंज धरतो. गंजलेल्या पृष्ठभागावरील बारीक खड्ड्यापासून तडा सुरू होतो आणि वारंवार वाकण्याने तो वाढत जाऊन पाटा तुटतो. खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटच्या रस्त्यांवरील सांधे यांमुळे या प्रक्रियेला वेग येतो.

बदलांचे प्रकार

मूळ भागांचे नूतनीकरण. वाहन पूर्वीपेक्षा जास्त दबते याचे सर्वांत सामान्य कारण क्षमतेचा अभाव नसून झीज हे असते. पाट्यांची कमान उतरते, डोळ्यांतील बुश झिजतात, धक्काशोषकातील तेल गळते. निर्मात्याने सांगितलेल्या मापाचे नवे पाटे, बुश आणि धक्काशोषक बसवल्यावर तक्रार बहुधा मिटते. उतरलेल्या पाट्यांना कारागीर ठोकून पुन्हा कमान देतात. हा उपाय स्वस्त असला तरी पोलादाचा थकवा त्याने जात नाही आणि योग्य उष्णता-संस्कार न झाल्यास पाटे लवकरच पुन्हा बसतात किंवा तुटतात.

जादा पाटा. नेहमी जड आणि जवळपास सारखाच माल वाहणाऱ्या वाहनांत हा बदल केला जातो. कायम भार घेणाऱ्या पाट्यापेक्षा ठरावीक दाबानंतर टेकणारा हेल्पर पाटा बरा, कारण रिकाम्या स्थितीत तो कामात नसतो आणि वाहनाची मूळ चाल कायम राहते.

पॅराबोलिक पाटे. यांची जाडी मध्याकडून टोकांकडे कमी होत जाते. कमी पाट्यांत तेवढाच भार पेलला जातो, पाटे एकमेकांना मुख्यतः टोकांशी व मध्यभागी टेकतात आणि घर्षण घटते. त्यामुळे लहान हादरेही स्प्रिंग सामावून घेते आणि संच वजनाने हलका होतो. मात्र घर्षणाने होणारी दोलनांची घट येथे फारशी मिळत नसल्यामुळे धक्काशोषक चांगल्या प्रतीचा लागतो. एक पाटा तुटला तर उरलेल्यांवर मोठा भार येतो.

धक्काशोषक. वाहन दबण्यावर याचा परिणाम होत नाही. सामान्य धक्काशोषक भार पेलत नाही, तो केवळ हालचालीचा वेग आवरतो. खड्ड्यानंतर वाहन एकापेक्षा अधिक वेळा झोके खात असेल तरच तो बदलण्याचा उपयोग होतो. स्प्रिंग अधिक ताठर केल्यास तिची उसळी आवरण्यासाठी त्याच प्रमाणात सक्षम धक्काशोषक लागतो. सतत काम केल्याने तेल तापून त्यात फेस होतो व विरोध कमी होतो. नायट्रोजन वायूच्या दाबाखाली तेल ठेवणाऱ्या प्रकारात हा दोष कमी असतो.

हवेच्या सहायक स्प्रिंगा. सांगाडा व ॲक्सल यांच्यामध्ये रबरी फुगा बसवून त्यातील हवेचा दाब भारानुसार कमीजास्त करता येतो. भार रोज बदलत असेल तर ही सोय उपयोगी आहे. तथापि फुग्यात किमान दाब नेहमी राखावा लागतो. धारदार कडांपासून तो जपावा लागतो आणि हवा गळल्यास वाहन अचानक एका बाजूला कलू शकते. पोकळ रबरी ठोकळ्यांच्या स्प्रिंगा त्यामानाने साध्या असतात, पण त्यांची ताठरता बदलता येत नाही.

उंची वाढवणे. ॲक्सल व पाटे यांच्यामध्ये ठोकळे घालून किंवा लांब शॅकल लावून वाहन उचलले जाते. सह्याद्रीतील कच्च्या वाटांवर जाणाऱ्या खासगी पिकअपमध्ये याचे आकर्षण असते. शहरातील मालवाहनाला त्याचा लाभ नाही. गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर कलण्याचा धोका वाढतो, चक्रदंडाच्या सांध्यांचा कोन बिघडतो आणि हमालांना माल अधिक उंचावर चढवावा लागतो.

निवडीची पद्धत

निवडीची सुरुवात वजनकाट्यापासून होते. चालकासह रिकामे वाहन आणि नेहमीच्या मालाने भरलेले वाहन अशी दोन वजने घेतली जातात. प्रत्येक वेळी केवळ मागील चाके काट्यावर ठेवून मागील ॲक्सलवरील भारही स्वतंत्रपणे मोजला जातो. हे आकडे नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण वजनाशी आणि निर्मात्याने दिलेल्या ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहिले की तीन शक्यता उरतात.

पहिली, भार मर्यादेत आहे आणि वाहन तरीही फार दबते. अशा वेळी झीज शोधून मूळ भाग बदलणे योग्य. दुसरी, भार मर्यादेत पण सतत मर्यादेलगत आहे आणि मूळ भाग सुस्थितीत आहेत. येथे हेल्पर पाटा किंवा हवेची स्प्रिंग यांचा विचार करता येतो, अर्थात निर्मात्याची त्यास मान्यता असेल तर. तिसरी, भार मर्यादेपेक्षा अधिक आहे. या स्थितीला निलंबनातील कोणताही बदल हा उपाय नाही. माल दोन फेऱ्यांत नेणे किंवा मोठे वाहन घेणे एवढेच पर्याय राहतात.

टायरची मर्यादाही तपासावी लागते. टायरच्या बाजूवर छापलेला भार-निर्देशांक प्रत्येक टायरची कमाल क्षमता दाखवतो. उदाहरणार्थ, १०० हा निर्देशांक ८०० किलो दर्शवतो. मागे असे दोनच टायर असतील तर मागील ॲक्सलवर वाहनाच्या स्वतःच्या वजनासह १,६०० किलोपेक्षा अधिक भार टाकता येत नाही, मग पाटे कितीही मजबूत असोत.

ब्रेक व दिव्यांवरील परिणाम

अनेक हलक्या मालवाहनांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारी झडप असते. ती सांगाड्यावर बसवलेली असून एका दांडीने ॲक्सलशी जोडलेली असते. वाहन दबले की झडप मागील चाकांकडे अधिक दाब सोडते. वाहन वर असले की दाब कमी ठेवते, जेणेकरून रिकाम्या वाहनाची मागील चाके ब्रेक लावताच अडकून घसरू नयेत.

पाटे ताठर केले किंवा उंची वाढवली की भरलेले वाहनही पुरेसे दबत नाही. झडपेच्या दृष्टीने ते रिकामेच असते. परिणामी मागील ब्रेकला कमी दाब मिळतो, पुढील ब्रेकवर अतिरिक्त ताण येतो आणि वाहन थांबण्यास अधिक अंतर लागते. निलंबन बदलल्यावर ही झडप निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे पुन्हा जुळवून घेणे म्हणूनच अनिवार्य आहे. बाहेरून वाहन दबलेले दिसत नसल्यामुळे चालकालाही अतिभाराची सूचना मिळेनाशी होते. हा या बदलाचा सहज लक्षात न येणारा धोका आहे.

याउलट, बसलेले पाटे तसेच ठेवणेही सुरक्षित नसते. मागील बाजू दबली की पुढील दिव्यांचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्यांचे डोळे दिपतात. पुढील चाकांवरील भार कमी होऊन सुकाणू हलके पडते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपासून वेगळे ठरतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात या तरतुदीचा काटेकोर अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, अनुज्ञेय नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग बसवणे हा या अर्थाने फेरफार नव्हे.

मर्यादेपेक्षा अधिक वजन वाहण्यास कलम ११३ ने मनाई आहे. कलम १९४ मध्ये त्यासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची, शिवाय जादा माल उतरवून घेण्याच्या खर्चाची तरतूद आहे. जादा पाटा टाकल्याने नोंदणी प्रमाणपत्रातील वजन बदलत नाही, त्यामुळे तो या दंडापासून संरक्षण देत नाही.

मालवाहनांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. व्यवहारात त्याला पासिंग म्हणतात. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकृत करावे लागते. एमएच-०१ क्रमांकाची वाहने ताडदेव येथील, तर एमएच-०३ क्रमांकाची वाहने वडाळा येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतात. बदल अनुज्ञेय आहे की नाही याची चौकशी या कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधीच करणे हिताचे असते.

बसवणी व देखभाल

पाटे नेहमी डाव्या व उजव्या बाजूचे जोडीने बदलले जातात, अन्यथा वाहन एका बाजूला झुकते. यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळल्यावर ताणले गेलेले असतात, म्हणून पाटे बदलताना तेही नवे घेतात. नटांचा आवळ निर्मात्याने दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने दिला जातो आणि काही दिवस वाहन चालल्यावर पुन्हा तपासला जातो. यू-बोल्ट सैल राहिल्यास भार मधल्या बोल्टवर येतो. तो तुटला तर ॲक्सल जागचा सरकतो आणि वाहन तिरके धावू लागते. रबरी बुश असलेले डोळे वाहन स्वतःच्या वजनावर उभे असतानाच अंतिम आवळावेत. हवेत लटकलेल्या स्थितीत आवळल्यास रबर कायम पिळलेले राहते व लवकर फाटते.

पाट्याला वेल्डिंग करणे सर्वथा वर्ज्य आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा उष्णता-संस्कार नष्ट होतो आणि पाटा त्या जागेलगत तुटतो. पावसाळ्याच्या आधी व नंतर पाटे धुऊन तडे, सरकलेले पाटे, झिजलेले बुश, शॅकलमधील ढिलाई आणि धक्काशोषकावरील तेलाचे डाग तपासले जातात. सपाट जागी रिकामे वाहन उभे करून दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतची उंची मोजून ठेवल्यास पुढील मोजमापांशी तुलना करता येते. दोन बाजूंत फरक पडू लागणे किंवा उंची सातत्याने घटत जाणे ही पाटे बसू लागल्याची पहिली खूण होय.